धान्याऐवजी रोख रक्कम आणि ताटातील भाजी

मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांसाठी २०१५ साली राज्य शासनाने एक योजना सुरू केली. हे जिल्हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वर्तमानपत्रांत वारंवार येणारे. ज्या शेतकरी कुटुंबांजवळ केशरी शिधापत्रिका आहे, परंतु २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाच्या यादीत ज्यांची नावे बसली नाहीत, त्यांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळू लागले. गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये किलो. पुढे २०२२ मध्ये या योजनेसाठी केंद्राकडून धान्य येणे बंद झाले व त्या वर्षाच्या उत्तरार्धात वाटप थांबले. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने धान्याच्या ऐवजी माणशी दरमहा १५० रुपये, तेही जानेवारी २०२३ पासून, बँकेच्या खात्यात जमा करण्याचे ठरले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली.

या बदलाचा विचार करताना बहुतेक लोक पोळी-भाताचा विचार करतात. प्रस्तुत लेखात मला भाजीचा विचार करावयाचा आहे.

आमचे घर या योजनेतले. सहा माणसे, जमीन कोरडवाहू, पिके सोयाबीन आणि कापूस. म्हणजे शेतकऱ्याचे घर असूनही खाण्याचे बरेचसे विकतच. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच, त्यामुळे दुकानातील उधारीची वही वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या वहीत अर्थशास्त्र बरेच आहे.

प्रथम साधा हिशेब मांडू. सहा माणसांचे धान्य महिन्याला ३० किलो. सगळा तांदूळच धरला तरी त्याला ९० रुपये लागत. धान्याऐवजी आले ते ९०० रुपये. बाजारात धान्याचा भाव सरासरी ३५ रुपये किलो धरला, तर तेच ३० किलो १०५० रुपयांना पडते. मिळालेले ९०० वजा करता खिशातून १५० गेले, म्हणजे पूर्वीपेक्षा ६० रुपये जास्त. कागदावर हा तोटा मोठा दिसत नाही. एवढ्याने काय होते, असे कोणी विचारील.

परंतु पैसे धान्यासारखे येत नाहीत. धान्य महिन्याच्या महिन्याला येत असे आणि ते कणगीत पडले की कोणी मागू शकत नसे. पैसे कधी तीन महिन्यांचे एकदम येतात, कधी खात्याची जोडणी तुटलेली निघते, आणि आले की खताच्या दुकानाची बाकी आधीच उभी असते. वाटप बंद झाल्यापासून रोख रक्कम प्रत्यक्ष हातात पडेपर्यंतच्या काळात तर आमच्या घरी धान्यही नव्हते आणि पैसेही नव्हते.

अशा वेळी घरातली बाई काय करते? ती पोट भरणाऱ्या वस्तूपासून सुरुवात करते. आधी धान्य, मग तेल, मीठ, तिखट. आणि उरले तर भाजी. त्या महिन्यांच्या वहीत दुकानातून उधार आणलेले गहू प्रथमच दिसतात. पूर्वी आठवडी बाजारातून मेथी, वांगी, गवार, कधी डझनभर अंडी येत. ती आता बटाट्यावर आली, कारण बटाटा टिकतो आणि सहा जणांत पुरतो. वरण पातळ झाले, येसराची आमटी वाढली. येसराच्या आमटीला वेगळी डाळ शिजवावी लागत नाही, ही त्या आमटीची खरी कीर्ती! अंडी वहीतून पार गेली.

बेनेट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४१ साली दाखविले होते की लोकांचे उत्पन्न वाढते तसा त्यांच्या आहारातील धान्य-कंदांचा वाटा घटतो. हा नियम उलटा वाचला की आमची वही होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचविलेल्या दिवसाच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी ८५ ग्रॅमच्या आसपास आहेत. रेशनचे ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम, ताटातील धान्याचा दोन-तृतीयांश भाग. एवढा भाग सुटला म्हणूनच भाजीला पैसे मोकळे होत. रेशन दुकानात भाजी कधीच मिळाली नाही, पण भाजी येत होती ती रेशनमुळे.

अमेरिकेत ही गोष्ट अधिक उघड दिसते. तेथे गरिबांना मिळणाऱ्या कार्डावर धान्यासह दूध, फळे, भाज्या, मांसही घेता येते. महामारीच्या काळात दिलेली जादा रक्कम फेब्रुवारी २०२३ नंतर सर्वत्र बंद झाली. तेथील कपात सरळ भाजीच्या टोपलीवर पडते. आपल्याकडे ती धान्यावर पडल्यासारखी दिसते आणि टोपली रिकामी होते ती मागल्या दाराने.

रोख रकमेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पैसे हातात असले तर डाळ घ्यावी की ज्वारी, हे माणूस ठरवू शकतो. रेशनच्या दुकानात तसे विचारले तर हसतील. धान्यातील खडे निवडण्याचा त्रासही नाही. मला हा युक्तिवाद खोटा वाटत नाही. मात्र तो खरा ठरण्यासाठी रक्कम वेळेवर आली पाहिजे आणि भावाबरोबर वाढली पाहिजे. ५ किलो धान्य भाव वाढला तरी ५ किलोच राहते. १५० रुपयांचे १७० होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. तोवर दुकानदार थांबला नव्हता.

खेड्यात रानभाज्या फुकट मिळतात, असे शहरातले मित्र म्हणतात. तांदुळजा, घोळ, कुर्डू, चिवळ या आजीच्या आठवणीतल्या खऱ्या. आता सोयाबीनमध्ये तणनाशक मारले जाते, आणि ज्याला आपण तण म्हणतो त्यातच या भाज्या होत्या. पावसाळ्यात बांधावर थोडीफार सापडते, तीही फवारणी झालेली तर नाही ना, हे पाहून खुडावी लागते.

गेल्या दोन वर्षांपासून आईने न्हाणीच्या पाण्यावर घरामागे दोन वाफे केले आहेत. त्यात अंबाडी, शेपू आणि मेथी येते. माघापर्यंत ते चालते. पुढे आड तळाला जातो, न्हाणीचेच पाणी मोजून वापरावे लागते, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत वहीत पुन्हा बटाटा लिहिला जातो.