दुखलं तर सांग

सातारा
शुक्रवार, दुपार

चि. सोनू,


काल रात्री वहिनीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, त्यामुळे उचलतानाच छातीत धस्स झालं. तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीनं न राहवून तिला सगळं सांगितलं. रविवारच्या ५० किलोमीटरच्या सरावात तू वाटेत दोनदा दुखण्याची गोळी घेतलीस, खोलीवर आल्यावर लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, आणि घरी कुणाला कळता कामा नये म्हणून तू त्या पोरीला शपथ घातलीस. तिच्यावर रागावू नकोस. परक्या मुलीला तुझी काळजी वाटली आणि ती तिनं बोलून दाखवली, हे तिचे उपकार आहेत.

सकाळी मी फोन केला तेव्हा "काही नाही गं आत्या, मी बरी आहे" म्हणालीस आणि मीटिंग आहे सांगून ठेवून दिलास. म्हणून लिहायला बसले. दादा उद्या पुण्याला येतो आहे, त्याच्याच हाती हे पाकीट देते. वहिनीनं त्याला सगळं सांगितलं आहे. तो ओरडणार नाही, तसं मी त्याला बजावलं आहे. ओरडायचं ते मीच ओरडते.

आधी कामाचं. पत्र वाचून झालं की दादाबरोबर जाऊन रक्त तपासायला दे. मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, स्नायूंसाठी सीपीके आणि लघवीची तपासणी, तिन्ही. रंग आता साफ झाला असला तरी. आणि अजूनही गडद होत असेल किंवा लघवी कमी होत असेल तर लॅबमध्ये न जाता थेट रुग्णालयात जा. डॉक्टरांना गोळीचं नाव, किती घेतल्या, कितव्या किलोमीटरला घेतल्या, सगळं सांग. निम्मं सांगू नकोस.

माझा जन्म प्रयोगशाळेत गेला, म्हणून तो रंग ऐकून मला झोप लागली नाही. असे नमुने आमच्याकडे यायचे. पट्टी बुडवली की ती रक्त दाखवायची, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मात्र दिसायच्या नाहीत. म्हणजे ते रक्त नसायचंच, स्नायूंतलं मायोग्लोबिन असायचं. अतिश्रमानं स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातला माल रक्तात उतरतो आणि तो गाळायचा भार मूत्रपिंडांवर पडतो. लांब पल्ल्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. तेव्हा मूत्रपिंड आपल्याकडच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला धडपडत असतं, आणि इबुप्रोफेनसारखी गोळी नेमकी तीच धडपड बंद पाडते. वाळवंटातल्या काही दिवसांच्या शर्यतींत, ८० किलोमीटरच्या टप्प्यावर डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं आहे. ज्यांना इबुप्रोफेन दिलं त्यांतल्या ५२ टक्के धावपटूंच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा दिसली. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली त्यांत ३४ टक्के. गोळी न घेताही एवढा ताण पडतो, सोनू. त्यावर तू दोनदा गोळी घेतलीस आणि वरून ते झाकून ठेवलंस.

गोळी घेतलीस याचा राग एक वेळ गिळेन. कुणीतरी जाणत्यानं दिली असेल, तू विश्वास ठेवला असशील. झाकून का ठेवलंस? असं झाकल्यानं आपल्या घरात काय होतं ते तुला ठाऊक आहे. तुझ्या आबा आजोबांनी दादाच्या लग्नाच्या दिवशी काय केलं ते तू शंभरदा ऐकलं आहेस. शेवटची पंगत उठेपर्यंत ते छातीवर हात ठेवून उभे होते, आणि ज्यानं विचारलं त्याला "काही नाही, बरा आहे" म्हणत होते. लोक अजून कौतुकानं सांगतात, केवढा धीराचा माणूस! मला ते कौतुक कधी सोसलं नाही. दुपारीच बोलले असते तर तुझ्या जन्माचे पेढे त्यांनी स्वतः वाटले असते.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. वहिनी म्हणते, मी म्हणणार नाही. ती शर्यत कशातून उभी राहिली हे मला माहीत आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपमनं मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती सुरू केली. २४ मे १९२१ ला पीटरमॅरित्झबर्गहून दर्बानकडे ३४ जण निघाले आणि १६ पोचले. ९० किलोमीटरच्या आसपासचं अंतर, बारा तासांची मुदत. १९२३ मध्ये फ्रान्सेस हेवर्ड नावाच्या बाईला बाई म्हणून प्रवेश नाकारला, तर ती तशीच धावली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचली. बायकांना रीतसर प्रवेश मिळायला १९७५ उजाडावं लागलं. त्या रस्त्यावर माझ्या घरातली मुलगी धावणार, याचा मला किती अभिमान आहे ते तुला मी सांगितलेलं नाही. आता सांगते.

पण मग तयारीही त्या रस्त्याच्या मापाची हवी. तुझी यंदाची धाव उताराची, दर्बानच्या समुद्राकडे उतरणारी. लोकांना वाटतं उतार म्हणजे सोपं. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो, आणि तंतू सगळ्यात जास्त तुटतात ते तिथंच. फील्ड्स हिलचा तो लांब उतार येतो तेव्हा अर्ध्याहून जास्त शर्यत पायांत भरलेली असते. पुण्याच्या सपाट रस्त्यावर ५० काय, ६० किलोमीटर धावलीस तरी त्याची तयारी होत नाही. इकडे ये. यवतेश्वरचा घाट आहे. चढताना चाल, उतरताना हलक्या, छोट्या पावलांनी धाव. पहिल्यांदा थोडंच. उताराचा मार एकदा बेतानं बसला की पुढचे काही आठवडे तोच मार स्नायूंना कमी लागतो. हे शरीराचं देणं आहे, पण ते सावकाश मागावं लागतं. एका रविवारी सगळं वसूल करायला गेलीस, म्हणून हे झालं. त्यापेक्षा शनिवारी मध्यम आणि रविवारी मध्यम, लागोपाठ धावलीस तर थकल्या पायांची सवयही होते आणि मोडतोडही कमी होते. आणि शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे हात आखडता घे. तेव्हा वाढवलेलं अंतर तिथं उपयोगी पडत नाही, साठवलेली झोप पडते.

पाण्याचंही ऐक, कारण आता घाबरून तू उलट टोकाला जाशील. तहान लागेल तसं पी, घटाघटा नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के धावपटूंचं सोडियम उतरलेलं निघालं, आणि धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना धोका जास्त होता. धावून वजन वाढलं याचा अर्थ पाणी जास्त झालं. डोकं जड, बोटं सुजलेली, मळमळ, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं. म्हणून निघताना आणि आल्यावर वजन कर. खाण्याचा सराव सरावातच कर. उकडलेला बटाटा मीठ लावून, केळं, राजगिऱ्याचा लाडू, जे पोटात ठरतं ते. आणि एक विचारते, आत्या म्हणून आणि बाई म्हणून. पाळी वेळेवर येते ना? चुकत असेल तर ते सोयीचं समजू नकोस. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की शरीर आधी ती बंद करतं आणि मग हाडं ठिसूळ करायला घेतं. हेही लपवू नकोस.

बघ, पुन्हा तिथंच आले.

मन खंबीर करायचं म्हणून तू हे सगळं करतेस, हे मला कळतं. मागे दिवाळीत म्हणाली होतीस, "आत्या, चाळीस किलोमीटरच्या पुढे पाय संपतात, मग फक्त डोकं धावतं." खरं आहे. पण डोक्याचं काम दुखण्याचा गळा दाबणं नव्हे. दुखणं नीट ऐकायचं, दमणूक कुठली आणि इजा कुठली ते निवडायचं, आणि मग ठरवायचं. ऐन क्षणी हे सुचत नाही, म्हणून आधी पाठ करून ठेव. सगळं संपलं असं वाटलं की स्वतःला तीन प्रश्न विचार. शेवटचं कधी खाल्लं? पाऊल सरळ पडतंय की एका बाजूला ओढतंय? किती किलोमीटर झाले, किती राहिले, याची वजाबाकी जमतेय का? खाल्लं नसेल तर खा, दहा मिनिटं चाल. बहुतेक वेळा ती काळोखी ओसरते, आणि पुन्हा आली तरी ओसरते हे तुला आता ठाऊक असतं. तोच खरा धीर. पण चाल बिघडली असेल, वजाबाकी जमत नसेल, उलटी थांबत नसेल, लघवीचा रंग गडद झाला असेल, तर थांब. तिथल्या स्वयंसेवकाला थांबवून तोंडानं सांग. ही कारणं घरीच कागदावर लिहून काढ, म्हणजे रस्त्यावर स्वतःशी वाद घालावा लागणार नाही.

आपल्या माणदेशातली ललिता बाबर बघ. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. मोही गावची पोर. तिचा निश्चय सगळ्यांनी पाहिला. त्यामागं वर्षानुवर्षांचा, पायरी-पायरीनं चढवलेला सराव आहे. एका रविवारी कुणी ललिता होत नाही.

तुला हे एवढं का बोलते, ते आज लिहूनच टाकते. मी कॉलेजात ८०० आणि १५०० मीटर धावायचे हे तुला माहीत आहे, आईच्या पेटीतली ती दोन पदकं तू लहानपणी गळ्यात घालून मिरवायचीस. सोयरीक जमली तेव्हा आबांनी मला माडीवर बोलावून विचारलं होतं, "पोरी, मनात काही आहे का?" त्यांनी विचारलं होतं, सोनू. त्या काळात किती बापांनी विचारलं असेल? मनात विद्यापीठाच्या स्पर्धा होत्या, अजून एक वर्ष हवं होतं. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "काही नाही." ते हो म्हणाले असते की नाही, कोण जाणे. संसार चांगला झाला, तुझ्या काकांनी मला काही कमी पडू दिलं नाही. पण पावसाळ्यात सकाळी पोलीस परेड ग्राउंडवरून पोरी धावत निघतात, यवतेश्वरकडे वळतात, तेव्हा ते माडीवरचं उत्तर मला अजून बोचतं. धावायला मिळालं नाही याचं दुःख केव्हाच निवलं. आपल्या माणसानं विचारलं आणि मी बोलले नाही, याचं निवत नाही.

म्हणून तू मला "बरी आहे" म्हणू नकोस. यापुढे प्रत्येक लांब धावेनंतर मला चार ओळी पाठव. लघवीचा रंग, वजन, झोप, कुठं काय दुखतंय. मी घाबरणार नाही, वहिनीला लगेच फोन करणार नाही. आधी तुझ्याशी बोलेन. मलाही इतकं वचन द्यायला हवं, नाहीतर तू कशी बोलशील?

जरा जास्तच बोलले असेन. तू लहान नाहीस, नोकरी करतेस, पहाटे चारला उठून एकटी धावतेस. तेवढी जिद्द आमच्यापैकी कुणाला दाखवता आली नाही. मला तुझा वेळ नको, पदक नको. बाराव्या तासाला तिथं बंदूक वाजते आणि तोवर न पोचलेल्यांची नोंद होत नाही, हे मला माहीत आहे. तुझ्या डोळ्यांदेखत ती वाजली, किंवा वाटेतच शहाणपणानं थांबून तू बसमध्ये बसलीस, तर पहिला फोन मला कर. रडायचं असेल तर रड, मी ऐकेन. तेव्हा मी तुला काहीही विचारणार नाही, फक्त "जेवलीस का" एवढंच.

रिपोर्ट आले की आकड्यांचा फोटो पाठव. "नॉर्मल आहे" असं लिहून नको, आकडे. ते ठीक असले तर डॉक्टर सांगतील तितके दिवस धावणं बंद, आणि पुढच्या शनिवारी इकडे ये. तुझ्यासाठी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी करते. ठीक नसले तर मीच पुण्याला येते, पिशवी भरून ठेवली आहे.

काळजी घे, माझ्या राजा. दादाला दारातून आत घे आणि आधी त्याला मिठी मार, तो बोलणार नाही पण फार घाबरला आहे.

तुझीच,
आत्या