नकाशा, पायपीट आणि पडताळा

पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे तक्ता रंगवून भिंतीवर टांगणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. 'ग्लोब' या कार्यक्रमाने निराळी वाट दाखविली. १९९४ साली अमेरिकेत त्याची घोषणा झाली, १९९५ च्या वसुंधरा दिनी काम सुरू झाले आणि २००० साली भारतही त्यात सामील झाला.

त्याची रीत समजून घेऊ. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब-रुंद चौकोन. म्हणून विद्यार्थी एकसारख्या झाडोऱ्याचा ९० मीटर लांब-रुंद तुकडा निवडतात. त्यात असे नऊ ठिपके बसतात. मध्यभागी जीपीएसने अक्षांश-रेखांश नोंदवितात. मग झाडे कोणती, उंची किती, हे पायी फिरून पाहतात. चित्रातले हिरवे हे जंगल की पीक, याचा पडताळा तेथे गेल्यावरच मिळतो.

ओढ्याच्या पाण्याचे तापमान तिघेजण वेगवेगळे मोजतात व सरासरी काढतात. एखादी नोंद सरासरीपासून एक अंशाहून अधिक दूर गेली, तर पुन्हा मोजणी! आम्ही बँकेतली माणसे जमाखर्च जुळेपर्यंत उठत नाही, त्यातलाच हा प्रकार.

येथे मोजणाऱ्याच्या घरची श्रीमंती कोणी विचारीत नाही. नोंद खरी आहे ना, एवढेच पाहतात. सोबत्याची चूक दाखविणे हा अपमान नव्हे आणि आपली सुधारणे हा कमीपणा नव्हे. जीपीएस नसले तरी दोरी, थर्मामीटर व वही घेऊन गावच्या ओढ्याकाठी तिघांना आरंभ करता येईल. अंदाजाने आकडा मात्र कधीही भरू नये.