जुनी रॅक पोत्यात घालून

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर तीच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. जुन्या स्कॉर्पिओची स्टिअरिंग रॅक गेली, नवी परवडत नाही, सेकंडहँड बघतेय, म्हणालीस. बघ, जरूर बघ. पण घाई करू नकोस, बाळा. त्या गाडीत मागच्या सीटवर तुझी पोरं बसतात.

आधी रॅकच गेलीय ना, याची खात्री कर. टायरॉडचा बॉल जॉइंट ढिला झाला, रॅक धरणारे रबरी बुश झिजले, किंवा स्टिअरिंगच्या दांड्यातला क्रॉस सैल झाला, तरी असंच खटखट वाजतं. स्टिअरिंग नुसतं जड झालं असेल तर पंप आणि पट्टा आधी बघायला सांग. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट सरकवून आत डोकावायला लाव. तेल साचलेलं दिसलं तर सील गेलं. आतला दांडा गंजलेला, ओरखडलेला नसेल, तर सीलकिट घालून तीच रॅक वाचू शकते.

माझ्या गाडीची रॅक गेली तेव्हा मी काय चूक केली ते ऐक. फोनवर गाडीचं नाव आणि साल सांगितलं, एका दुकानदाराने "बिलकुल बैठ जाएगी" म्हणून रॅक पाठवली, आणि मी पैसे देऊन मोकळी झाले. बसवायला घेतली तर पिनियनचे दातेच जुळेनात. पैसे गेले ते गेलेच. दुसऱ्या वेळी मिस्त्रीकडून जुनी रॅक काढून घेतली, तेल निथळवलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोत्यात घातली आणि उज्जैनच्या देवास गेटला राजाभाऊ महाकाळांच्या नावाच्या स्टँडवरून इंदूरची बस धरली. पंचावन्न किलोमीटर पायाशी पोतं. लोक बघत होते, बघू देत.

दुकानात दोन्ही रॅक जमिनीवर शेजारी ठेवून माप घ्यायचं. लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पिनियनचे दाते मोजून, तेलाच्या पाइपांची तोंडं, टायरॉडचे आटे. स्कॉर्पिओ २००२ ला आली, मध्ये इंजिनं बदलली, २०१४ ला चासीच नवी झाली. नाव एकच, म्हणून भाग एकच असं धरू नकोस.

माप जुळलं की हाताने पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो, म्हणून रॅक मधोमध जास्त झिजते. काही जण तो ढिलेपणा लपवायला खालचा स्क्रू आवळून ठेवतात. मग मध्ये ठीक लागते आणि टोकाला अडखळते. अशी रॅक हाती घेऊ नकोस. फिरवताना दांडा डगमगला तर तो वाकलाय, अपघातातल्या गाडीतला असणार. रॅकच्या बोल्टच्या कानावर वेल्डिंग दिसलं किंवा ताजा काळा रंग फासलेला दिसला, तर दुकानाच्या पायऱ्या उतर.

पक्कं बिल माग. ज्या गाडीतून ती काढली तिचा चासी नंबर बिलावर लिहून घे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना घेणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. बिल देताना ज्याची जीभ अडखळते, त्याच्याकडे स्वस्त मिळालं तरी घेऊ नकोस.

बसवताना तू तिथेच उभी राहा. रॅक काढण्याआधी स्टिअरिंग सरळ करून बांधून ठेवायला सांग. एअरबॅगची गाडी असेल आणि ते चाक मोकळं गरगर फिरलं, तर आतली क्लॉक स्प्रिंग तुटते आणि वेगळाच खर्च उभा राहतो. आणलेली रॅक टोकापासून टोकापर्यंत किती फेरे फिरते ते मोजून बरोबर निम्म्यावर ठेवायची. बॉल जॉइंट, बूट, लॉकनट जुने परत लावू देऊ नकोस. तेल नवं घाल, पुढची चाकं उचलून दोन्हीकडे फिरवत हवा काढून टाकायला सांग, आणि त्याच दिवशी अलाइनमेंट कर. ते उद्यावर ढकललं तर टायर एका कडेने झिजतील.

पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर हळू चालव, एकटीने. थांबल्यावर खाली वाकून तेलाचा थेंब पडतोय का बघ. आठवड्याने नट परत तपासून घे.

इंदूरला जायचा दिवस ठरला की आदल्या रात्री फोन कर. पोतं माझ्याकडेच आहे, मोजपट्टीही. देवास गेटला सकाळी सातला येते.