पपईवरचा पिठ्या ढेकूण

परसातल्या पपईच्या पानाखाली कापसासारखा पांढरा थर दिसला, की आपण टोकरखाड्याचे लोक लगेच पंप पाठीवर घेतो. जरा थांबावे. हा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. २००८ साली कोइमतूरला आढळला, मग पुण्याकडच्या बागांतही शिरला. अंगावर मेण, त्यामुळे औषध नीट लागत नाही. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून गांधीलमाशीच्या कुळातली, मोहरीहूनही लहान माशी आणविली. (माणसाला ती डसत नाही.) ती ढेकणाच्या पिलात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते आणि उरते कडक, तपकिरी कवच. अशी कवचे दिसली तर फवारू नये, पानेही जाळू नयेत. आत माशी वाढत असते. कवचाला बारीक गोल भोक असेल, तर ती उडून गेली असे समजावे.