पाइपला ब्रांच काढताना कॅडमध्ये काय दाखवायचं आणि काय नाही



फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप टाकायचं म्हणता, तेव्हा मशीन, जागा, कर्ज यांचा हिशोब तुम्ही करताच. पण पहिलीच ऑर्डर हेडरची आली, म्हणजे एका मोठ्या पाइपवर दहा छोट्या ब्रांच, तर नफा ठरतो तो ड्रॉइंगवर. ब्रांच नीट बसली नाही तर वेल्डर ग्राइंडर घेऊन बसतो, रॉड जास्त जातात, आणि टेस्टिंगला जॉइंट गळला तर सगळं काम पुन्हा. म्हणून आजचा धडा व्हिडिओसोबत कागद-पेन घेऊन वाचा.

आपलं उदाहरण

हेडर ४ इंची, शेड्यूल ४०. बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, जाडी ६.०२ मिमी. ब्रांच २ इंची, शेड्यूल ४०. बाहेरचा व्यास ६०.३, जाडी ३.९१, म्हणजे आतला व्यास ५२.४८ मिमी. ब्रांच ९० अंशात. लक्षात घ्या, "२ इंची" हे फक्त नाव आहे. कॅडमध्ये ५०.८ टाकलं की पुढचं सगळं चुकलं.

आधी ठरवा: वर बसवायची की आत घालायची?

ब्रांच हेडरच्या पाठीवर बसवली तर हेडरचं भोक ब्रांचच्या आतल्या व्यासाएवढं, म्हणजे साधारण ५२.५ मिमी. ब्रांच भोकात घातली तर भोक ६०.३ पेक्षा थोडं मोठं लागतं, आणि ब्रांचचं टोक हेडरच्या आतल्या गोलाईला मिळवून कापावं लागतं. दोन्हींचं कटिंग वेगळं, वेल्डिंग वेगळं. ड्रॉइंगवर हे लिहिलं नसेल तर कोटेशन देण्याआधी ग्राहकाला विचारा. आज आपण पाठीवर बसवायची पद्धत घेऊ.

मॉडेल कसं करायचं?

फ्रीकॅड फुकट मिळतं, त्यात हे आरामात होतं.

१. हेडरची ट्यूब काढा.
२. ब्रांचची ट्यूब हेडरच्या मध्यरेषेपासून वर काढा.
३. हेडरच्या बाहेरच्या व्यासाचं एक भरीव सिलिंडर काढा आणि त्याने ब्रांच कापा. पोकळ ट्यूबने कापलं तर ब्रांचचा एक तुकडा हेडरच्या आत लटकत राहतो.
४. ब्रांचच्या आतल्या व्यासाच्या सिलिंडरने हेडरला भोक पाडा, फक्त एका बाजूला.
५. ब्रांच २ मिमी वर सरकवा. ही रूट गॅप. नेमकी किती ठेवायची ते त्या कामाच्या वेल्डिंग प्रोसिजरमध्ये बघा.

वेल्डचा मणी थ्रीडीमध्ये काढत बसू नका. वेल्डचं चिन्ह आणि साइज ड्रॉइंगवर द्या, पुरे.

खरी गंमत इथे आहे

कापलेल्या ब्रांचचं टोक बघा. फिशमाउथच्या बाहेरच्या कडेची खोली ८.६ मिमी येते, आतल्या कडेची ६.४ मिमी. कॅडने टोक हेडरला तंतोतंत चिकटवलं आहे. पण तुमचा कामगार कटर पाइपवर सरळ उभा धरून कापतो, त्यामुळे आतली आणि बाहेरची कड सारख्याच खोलीवर येते.

मग टेम्प्लेट कोणत्या कडेवरून घ्यायचं? आतल्या. बाहेरच्या कडेवरून घेतलं तर दोन्ही बाजूंची आतली कड आधी टेकते आणि हेडरच्या लांबीच्या दिशेला २.२ मिमी जादा फट पडते. २ मिमी रूट गॅप धरली असेल तर तिथे ४.२ होते. वेल्डरला तेवढी फट भरत बसावं लागतं. आतल्या कडेवरून घेतलं तर रूट सगळीकडे सारखी राहते, आणि बाजूंना बाहेरून जी जागा उघडते ती बेव्हल मारताना कामालाच येते.

कागदी टेम्प्लेट

ब्रांचचा बाहेरचा घेर १८९.४ मिमी. त्याचे १२ भाग करा, प्रत्येक १५.८ मिमी. हेडरच्या लांबीच्या दिशेची रेघ शून्य धरा. खोली अशी: शून्य अंशाला ०, ३० ला १.५, ६० ला ४.७, ९० ला ६.४. मग उलट्या क्रमाने परत शून्यापर्यंत, आणि उरलेल्या अर्ध्या घेरात तेच पुन्हा. प्रिंट काढताना पानावर १०० मिमीची एक रेघ ठेवा आणि पट्टीने मोजा. प्रिंटरने "पानात बसवा" केलं असेल तर लगेच कळेल.

कोटेशनमध्ये काय धरायचं?

हेडरच्या मध्यापासून ब्रांचच्या टोकापर्यंत २०० मिमी हवं असेल, तर पाइपची सर्वांत लांब बाजू १४७.२ मिमी येते. २०० गुणिले १० असा पाइप धरला तर दर फुगतो आणि ऑर्डर दुसरीकडे जाते. उलट, वेल्डची लांबी विसरू नका. एका जॉइंटला १९० मिमीच्या आसपास, दहा जॉइंटला जवळपास दोन मीटर, तेही एकापेक्षा जास्त पासमध्ये. कटिंगची वाया जाणारी जागा आणि बेव्हलचा वेळ वेगळा लावा.

एक गोष्ट स्वतः ठरवू नका

भोक पाडलं की हेडर तिथे कमजोर होतो. प्रेशरच्या लाइनला रीइन्फोर्समेंट पॅड लागेल, की वेल्डोलेट, की तयार टी, हे डिझाइन इंजिनिअर ठरवतो. पॅड असेल तर मॉडेलमध्ये त्याचं छोटं व्हेंट होल दाखवा. ते नसेल तर आत अडकलेला वायू वेल्डिंगच्या वेळी बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि आतला वेल्ड गळला तरी बाहेर कळत नाही. बॉयलरच्या वाफेच्या लाइनचं काम आलं तर त्याचे नियम आणि मंजुरी वेगळी असते. ते समजून घेतल्याशिवाय दर देऊ नका. इथे चूक झाली तर पैशांवर भागत नाही, माणूस भाजतो.

गृहपाठ: हेच उदाहरण ३ इंची ब्रांचसाठी करा. बाहेरचा व्यास ८८.९, जाडी ५.४९ मिमी. दोन्ही कडांची खोली काढा, त्यांतला फरक बघा, आणि भंगारातल्या पाइपवर एक टेम्प्लेट गुंडाळून कापून बघा. आलेली उत्तरं व्हिडिओखाली नक्की लिहा.