अडीच गुंठ्यांचं रान

लंडनच्या वायव्य टोकाला आम्ही राहतो. इथे नगरपालिका भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देते. त्यांना अलॉटमेंट म्हणतात. मागणी असेल तर अशी जमीन द्यायला हवी, असं १९०८चा कायदा सांगतो. किती वर्षांनी, ते सांगत नाही. माझा नंबर लागला तेव्हा आपण अर्ज केला होता हेच मी विसरले होते. आधीच्या भाडेकरूने तर कित्येक हंगाम तिथे पाऊलही टाकलेलं नव्हतं. त्या रानात जे उमगलं त्यातलं थोडं सांगते.

१. जमीन मोजणं वेगळं आणि कसणं वेगळं. इथला पूर्ण प्लॉट दहा रॉडांचा. हे रॉड काय प्रकरण आहे म्हणून हिशेब मांडला. एकरात १६० चौरस रॉड, एकरातच ४० गुंठे. म्हणजे माझी जमीन बरोब्बर अडीच गुंठे! सासर बार्शीकडचं, घरची शेती. सासूबाईंना मोठ्या ऐटीत फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्यात तर आपला गोठा नि उकिरडा." पण फावडं हातात घेतल्यावर तेच अडीच गुंठे संपता संपेनात. मग रीत अशी पडली, की खाटेएवढा पट्टा साफ करायचा, त्यात लगेच काहीतरी लावून टाकायचं आणि उरलेल्यावर काळं जाड कापड अंथरून तिकडे पाठ फिरवायची. मोकळी सोडलेली माती बघता बघता पुन्हा हिरवी होते. पुढे राखता येईल तेवढंच साफ करावं, हे धोरण माझ्या डोक्याने नव्हे, कंबरेने ठरवलं.

२. पडीक जागेत आधीपासून कोणीतरी राहत असतं. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. कोयता काढला, तर शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा म्हणाले, "मार्च लागलाय, आधी घरटी बघ." ऑगस्टपर्यंत पक्ष्यांची वीण चालते आणि वापरातलं घरटं मोडणं इथे गुन्हा आहे. बरं, म्हटलं, तोवर जमिनीवरचा कुजका गालिचा काढू. (तण दाबायला पूर्वी लोक जुने गालिचे अंथरत. त्यांचे नायलॉनचे धागे मातीत उतरतात म्हणून आता बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. मी अजूनही गाजराबरोबर निळे धागे उपटते.)

गालिच्याचं टोक उचललं आणि खाली वीतभर, तांबूस, तकतकीत काहीतरी वळवळलं. इतकी वर्षं इंग्लंडात काढूनही "साप!" ही आरोळी मराठीतच निघाली. आजोबा सावकाश आले, वाकले आणि म्हणाले, हा स्लो-वर्म. दिसतो सापासारखा, पण जात सरड्याची, फक्त पाय नाहीत. खात्री करायची तर डोळे बघ. सापाला पापण्या नसतात, याला असतात. मी श्वास रोखून उकिडवी बसले. बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो आणि मग त्याने खरोखर डोळे मिटले. कंटाळून असावेत. हा प्राणी कायद्याने संरक्षित आहे, आणि बिनशंखाच्या गोगलगाई हे त्याचं आवडतं जेवण. माझी कोवळी रोपं रात्रीत फस्त करणारं टोळकं ते हेच. तो कोपरा मी तसाच सोडला. गालिचाही राहिला, नियम मोडून.

३. तणाला घाई नसते. इथलं काऊच ग्रास आपल्या हराळीच्याच चालीचं आहे. मातीखालून कांड्यांनी पसरतं. भाड्याने यंत्र आणून जमिनीत फिरवून घ्यावं असं नवऱ्याचं म्हणणं होतं. पण यंत्र कांड्यांचे तुकडे करतं आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. बाइंडवीडची मुळं पांढरी, शेवयांसारखी, हात लावताच मोडणारी. डॉकचं बी तर फारच चिवट. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने बिया बाटल्यांत भरून पुरल्या. त्यातलं डॉक ८० वर्षांनीही उगवलं. हे वाचलं त्या दिवशी मी खुरपं ठेवून सरळ घरी आले आणि चहा केला.

४. मातीची परीक्षा हातालाच येते. आमच्या भागात लंडन क्ले, म्हणजे चिकणमाती. ओली असताना बुटाला दोन-दोन किलो चिकटते, सुकली की भेगा पडतात. मी पीएचचा संच मागवला, तक्ते केले. मग वसंतात सासूबाई आल्या. दोन स्वेटर, वर शाल अशा थाटात प्लॉटवर उभ्या राहिल्या. मूठभर माती दाबून गोळा केला, अंगठ्याने टोचला. गोळा फुटला नाही, नुसताच दबला. "वापसा नाही आला अजून. आत्ता खणलंस तर विटा होतील विटा." बार्शीची काळी जमीनही अशीच चिकट, अशीच भेगाळणारी, त्यांना नवं काहीच नव्हतं. तक्ते मी हळूच पिशवीत सरकवले.

५. खतावर आंधळा विश्वास नको. चिकणमातीला भुसभुशीत करायला कुजलेल्या लिदीसारखं काही नाही, आणि तबेलेवाले ती फुकट देतात. पण गवतावर फवारलेलं अमिनोपायरालिड हे तणनाशक घोड्याच्या पोटातून लिदीत शाबूत उतरतं. २००८ मध्ये असल्या खताने ब्रिटनभर लोकांचे टोमॅटो, बटाटे वेडेवाकडे झाले होते. म्हणून लीद आली की आधी ती एका कुंडीत मातीत मिसळून ब्रॉड बीनचे दाणे टोचते. पानं सरळ आली तरच पुढे. लग्नाआधी मुलाची एवढी चौकशी माझ्या घरच्यांनी केली नव्हती.

६. खणावं की खणू नये, यावर इथे पंथ आहेत. सॉमरसेटचे चार्ल्स डाउडिंग यांनी न खणता बागकाम लोकप्रिय केलं: तणावर पुठ्ठा, त्यावर वीतभर कंपोस्ट, झालं. आजोबा मात्र जुन्या पंथाचे. पहिल्या वर्षी बटाटा लाव, तो जमीन साफ करतो म्हणतात. साफ बटाटा नाही करत. तो लावताना, भर देताना, काढताना आपण जी माती उलथतो त्याने ती होते. मी अर्ध्या भागात हे केलं, अर्ध्यात ते. पुठ्ठ्यातूनही बाइंडवीड वर आलंच, पण उपटायला सोपं. माझं मत पुठ्ठ्याकडे झुकतं. आजोबांसमोर बोलत नाही.

७. आपली भाजी दुसऱ्याचं खत असू शकते. रिकाम्या वाफ्यात हिरवळीचं खत म्हणून इथे बरेचजण मोहरी पेरतात. पण मोहरी कोबीच्या कुळातली. कोबीच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट मातीत असला तर तो तिच्यावरही पोसतो. म्हणून दुसरं काय मिळतं ते बघायला बियाण्यांच्या दुकानात गेले, तर त्याच फळीवर मेथी! फुलण्याआधी कापून मातीत गाडायची, असं पाकिटावर लिहिलेलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. "गाडतात? मेथी?" म्हणून त्या बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिल्या. आता तडजोड अशी, की पाला घरी येतो, मुळं जमिनीत राहतात. आजोबा दर खेपेला विचारतात, हे गाडणार कधी? परवा त्यांना डब्यातून मेथीचे पराठे दिले. पुढच्या हंगामासाठी त्यांनी बी मागितलंय.