ईएलसीबी वारंवार पडतोय? आधी गळती शोधा, मग दुकानात जा

पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली की इंदूरच्या अन्नपूर्णा परिसरात, म्हणजे सुदामानगर, लोकमान्य नगर, उषानगर या भागांत, इलेक्ट्रिशियनला उसंत मिळत नाही. तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. शेजाऱ्यांकडे दिवे आहेत, आपल्याच घरात अंधार, आणि बोर्डावरचा मोठा स्विच वर केला की पुन्हा खाली. कारागीर येतो, दोन मिनिटे बघतो आणि म्हणतो, "भिया, ईएलसीबी खराब है, नया डाल देते हैं." दोन-अडीच हजार रुपये जातात, आणि बऱ्याच घरांत आठवडाभरात नवा स्विचही तसाच पडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! स्विच पडतो तो बहुधा त्याचे काम चोख करत असतो म्हणून.

पडले नेमके काय, ते आधी पाहा. छोटी एमसीबी पडली असेल तर त्या लाइनवर भार जास्त आहे किंवा शॉर्ट आहे. ज्या रुंद स्विचवर 'टी' लिहिलेले छोटे बटण असते, तो ईएलसीबी. दुकानदार आता त्याला आरसीसीबी म्हणतात. भार वाढला म्हणून तो पडत नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का, एवढेच तो मोजतो. मधल्या मध्ये काही करंट भिंतीत, पाण्यात, अर्थिंगच्या तारेत किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला की तो सुटतो. घरातल्या स्विचची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते, पण प्रमाणानुसार तो १५ ते ३० मधल्या कोणत्याही आकड्यावर सुटू शकतो. नऊ वॉटच्या एलईडी बल्बलाही याहून जास्त करंट लागतो. म्हणून थोडीशी ओलसुद्धा पुरते.

पहिली तपासणी फुकट आहे. हात कोरडे आणि पायात रबरी चप्पल हवी. नळाला, भिंतीला किंवा फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र काही करू नका. मेन बंद करा आणि माणूस बोलवा. तसे काही नसेल तर सगळ्या एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी वर घ्या. जिच्यावर तो पडेल, गळती बहुधा त्या लाइनवर. आता त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा. भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही, कारण ते फक्त फेज तोडते. न्यूट्रल वस्तूला जोडलेलाच राहतो आणि गळती तिथूनही होऊ शकते. प्लग काढल्यावर स्विच टिकला तर एकेक वस्तू लावून पाहा. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकला असण्याचा संशय घ्या, कारण साधी एक पोलची एमसीबी न्यूट्रल तोडतच नाही. इथे तुमचे काम संपले. बोर्डाचे झाकण उघडू नका आणि स्विच पुन्हा पुन्हा वर ढकलू नका.

संशयितांमध्ये पहिला मान गीझरचा. बोअरवेलच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षार चढतात, वरची नळी चिरते आणि आतल्या भुकटीत पाणी शिरते. सकाळी गीझर लावला आणि काही मिनिटांत घर अंधारात गेले, तर आधी तिथेच बघा. नवे एलिमेंट साधारण ४०० ते ९०० रुपयांना मिळते, बसवण्याचे ३०० ते ४००. टाकीतला क्षार त्याच वेळी काढून घ्या, कारण त्याच कामाला पुन्हा माणूस बोलावला तर मजुरी दुप्पट. उन्हाळ्यात संशय कूलरवर, विशेषतः पत्र्याच्या. त्याचा छोटा पंप २०० ते ४०० रुपयांत येतो, तो उघडून दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. फ्रिजची खूण मजेशीर आहे. दिवसातून दोन-तीनदाच, काही तासांच्या अंतराने स्विच पडत असेल तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा बर्फ वितळवणारा हीटर तपासायला सांगा, तो ठरावीक वेळानेच चालू होतो. बोअरवेलमधल्या मोटरची गळती सर्वांत महाग पडते. दोष बऱ्याचदा केबलच्या जोडातच असतो, पण मोटर वर काढून पुन्हा सोडायचेच २,००० ते ४,००० होतात. तेव्हा मोटर वर काढण्याआधी वरच्या पॅनेलची आणि केबलची तपासणी करून घ्या.

कुठलीच वस्तू सापडत नसेल तर इलेक्ट्रिशियन लागेल. फोनवरच विचारा, "मेगर आहे का?" मेगर ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरच्या इन्शुलेशनचा रोध मोजतो. एक मेगाओहमच्या वर आकडा आला तर लाइन ठीक समजतात. नुसता टेस्टर घेऊन येणारा माणूस अंदाजच बांधणार. भेटीचे २०० ते ३०० आणि मेगर लावून दोष शोधण्याचे ५०० ते १,००० रुपये, हा दर रास्त आहे. अख्ख्या बिलात मोकळ्या हाताने द्यावी अशी रक्कम हीच, आणि नेमक्या याच रकमेवर आपण घासाघीस करतो. मेगर लावण्याआधी टीव्ही, राउटर, कॉम्प्युटर यांचे प्लग काढलेले असावेत, नाहीतर तेच जळायचे.

या भागात हमखास निघणारा एक दोष म्हणजे मिसळलेला न्यूट्रल. खाली मालक, वर भाडेकरू, मीटर दोन आणि जिन्यातला दिवा एक. त्या दिव्याला फेज खालच्या मीटरची आणि न्यूट्रल वरच्या मीटरचा दिला असेल तर दिवा लावताच स्विच पडणार. नवे इन्व्हर्टर बसवल्यावर सुरू झालेल्या तक्रारीतही आधी न्यूट्रलच तपासायला सांगा. वायर न बदलता, नुसती जोडणी सुधारून ३०० ते ६०० रुपयांत काम होते.

स्विच खराब झाल्याची खात्री कशी करायची? त्याच्या पुढच्या दोन्ही वायरी काढून, बाकी काही न जोडता तो वर केला आणि तरीही पडला, किंवा टी बटण दाबूनही पडला नाही, तरच तो बदला. हे काम इलेक्ट्रिशियनचे. महाराणी रोडवर चांगल्या कंपनीचा दोन पोलचा, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा स्विच साधारण १,६०० ते २,८०० रुपयांना मिळतो, थ्री-फेजसाठी चार पोलचा २,८०० ते ४,५०० ला. बसवण्याचे २५० ते ४००. छापील किमतीवर बरीच सूट मिळते, म्हणून दोन दुकाने फिरा. आयएस १२६४० आणि आयएसआय खूण पाहूनच घ्या.

"सौ वाला डाल दो, नहीं गिरेगा," असे कोणी सुचवले तर साफ नाही म्हणा. १०० मिलिअँपिअरचा स्विच कमी वेळा पडेल खरा, पण माणसाचा जीव वाचवण्यासाठी ३० चीच मर्यादा हवी. तो बायपास करून थेट जोडून देणाऱ्याला तर पैसेच देऊ नका. सगळे घर एका स्विचवर असल्याचा त्रास होत असेल तर गीझर आणि मोटर वेगळ्या आरसीबीओवर, म्हणजे ईएलसीबी आणि एमसीबी एकत्र असलेल्या स्विचवर घ्या. प्रत्येकी २,००० ते ३,५०० खर्च येतो, पण गीझर बिघडला म्हणून घर अंधारात जात नाही. माझ्या मते बोअरवेल असलेल्या घरात हा खर्च करण्यासारखा आहे.

अर्थिंगकडेही बघून घ्या. माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि जुना खड्डा कोरडा पडतो. अर्थिंग बिघडले म्हणून ईएलसीबी पडत नाही, उलट बिघडलेल्या वस्तूला माणसाचा हात लागेपर्यंत तो गप्प बसून राहतो. म्हणूनच काही घरांत नवे अर्थिंग केल्यावर स्विच पडू लागतो. गळती जुनीच असते, तिला वाट नवी मिळालेली असते. नव्या खड्ड्याला ४,००० ते ८,००० रुपये धरा.

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची. मीटरच्या आधी, खांबाच्या बाजूला ठिणग्या किंवा जळका वास असेल, किंवा शेजाऱ्यांचीही वीज जात असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा. मीटरच्या पुढचा खर्च आपला. भाड्याच्या घरात वायरिंग मालकाचे आणि गीझर ज्याचा त्याचा, हे आधीच बोलून घेतलेले बरे.

काम झाल्यावर जीएसटीचे बिल, वॉरंटी कार्ड आणि मेगरचे आकडे कागदावर मागा, काढलेला भाग परत घ्या आणि कारागीर जाण्याआधी त्याच्यासमोरच टी बटण दाबून पाहा. पुढे महिन्यातून एकदा तेच करायचे; घड्याळे परत लावावी लागतील, तेवढाच त्रास.